त्रेपन्नावा भाग

भानुदासराव आष्टेकरांनी आयुष्यात एकदाही व्हाइटनर वापरला नाही. त्यांच्याविषयी मी हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण ओळख झाली की तेही सगळ्यात आधी हेच सांगत. गाव सांगलीजवळचं आष्टा, नोकरी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, आणि व्हाइटनर नाही.

आमची कंपनी पंप आणि पंपांचे सुटे भाग मागवायची. मी सेल्सला होतो, म्हणजे बोलण्याचे पैसे घेत होतो. भानुदासराव डॉक्युमेंटेशनला होते. बोटीतून आलेल्या प्रत्येक खोक्याचा कागद त्यांच्या हाताखालून जायचा. खोक्यात काय आहे, वजन किती आणि माल मुळात कुठल्या देशात बनला, या तीन गोष्टींबद्दल त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एकदा घाईत मी एका कागदावर आकडा चुकवला आणि वर पांढरा ठिपका लावून नवा आकडा लिहिला. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"श्रीनाथ, चूक झाली तर झाली. त्याच्यावर एक रेघ मार. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिही, शेजारी सही कर. चूक झाकलीस तर कस्टमवाला डाउट घेतो. चूक दाखवलीस तर शिक्का मारतो."

असं बोलणारा माणूस साडेतीन वर्षं दर शुक्रवारी, माझ्याच घरच्या फोनवरून, स्वतःच्या मुलीशी धादांत खोटं बोलत होता. आणि मी, माझी बायको विद्युल्लता आणि आमचा कुकर या तिघांना ते ठाऊक होतं.

आम्ही शारजात अल नहदाला एकाच टॉवरमध्ये राहायचो. आम्ही सातव्या मजल्यावर, आष्टेकर चौथ्यावर. त्यांच्या घरात ते, शोभनावहिनी आणि इरा. सत्त्याण्णव साली इरा आठ वर्षांची होती. गुरुवारी अर्धा दिवस ऑफिस. जेवून भानुदासराव आडवे व्हायचे, आणि ती टीव्ही लावायची. तिथल्या अरबी चॅनेलवर दुपारी कार्टून लागायचं. फरहान नावाचा एक धांदरट माणूस सायकलवरून लोकांच्या घरी शेवयांचे वाडगे पोचवायचा. एका हातात सायकल, दुसऱ्या हातावर एकावर एक रचलेले बारा वाडगे. बाराचे बारा कधीच पोचायचे नाहीत. दुकानाची मालकीण म्हणजे एक जख्ख म्हातारी, तिच्या हातात कायम कालथा.

भानुदासराव पहिल्यांदा झोपमोड झाली म्हणून चिडून उठून बसले, आणि मग उठून बसायचेच. माल सुखरूप पोचवणं हा ज्याचा धर्म, त्याला तो फरहान बघताना काय काय होत असेल ते देवाला ठाऊक. "अगं, पॅकिंग बघ त्याचं! वर झाकण तरी घाल की रे!" असं ते टीव्हीला सांगायचे. इरा म्हणायची, "Baba, he can't hear you."

इराला शाळेत अरबी होतं, त्यामुळे ती निम्मंअर्धं समजावून सांगायची. उरलेलं भानुदासराव स्वतः लावायचे आणि पाठ करायचे. पुढे त्याचा त्यांनी कस्टममध्ये प्रयोग केला. अडचण अशी की ही कार्टून्स पुस्तकी, भारदस्त अरबीत बोलतात. रस्त्यावर तसं कोणीच बोलत नाही. काउंटरवरच्या तरण्याबांड अधिकाऱ्यासमोर उभं राहून आमचे आष्टेकर जे बोलले त्याचा मराठी अर्थ साधारण असा होता: "हे सज्जना, मजवर कृपा करून हा दस्तऐवज अवलोकन करशील काय?" तो अधिकारी खुर्चीतून उठला आणि पलीकडच्या दोघांना बोलावून आणलं. "हबीबी, अगेन, अगेन!" तो स्वतः लहानपणी तेच कार्टून बघून वाढला होता. त्या दिवसापासून कस्टममध्ये आमच्या कंपनीच्या फायली आधी निघायला लागल्या आणि भानुदासरावांना तिथं सगळे फरहान म्हणायला लागले. त्यांना वाटलं, आपलं अरबी सुधारलं.

त्या कार्टूनला एक कोडं होतं. गावाबाहेर टेकडीवर एक घर होतं. पहिल्या भागापासून तिथून शेवयांची ऑर्डर यायची, आणि फरहान काही तिथवर पोचायचा नाही. कधी कुत्रा मागे लागे, कधी चाक निखळे, कधी वाटेत कुणाचं लग्न लागे. घरात कोण राहतं हे कुणालाच माहीत नव्हतं. इरानं वहीत सगळ्यांचे अंदाज लिहून घेतले होते. विद्युल्लता म्हणाली भूत, शोभनावहिनी म्हणाल्या रिटायर्ड शिक्षक, मी म्हणालो इन्कम टॅक्सवाले. भानुदासरावांनी अंदाज द्यायला नकार दिला. कागद हातात आल्याशिवाय ते बोलत नसत.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये शोभनावहिनींची बिनपगारी रजा संपली. त्या सांगलीला बँकेत होत्या. हजर व्हा नाहीतर राजीनामा द्या, असं पत्र आलं. चौदा वर्षांची नोकरी होती आणि भानुदासरावांची इथली नोकरी इथल्या सगळ्यांसारखीच, आज आहे तोवर आहे. त्यामुळे फार चर्चा न होता ठरलं. माय-लेकी सांगलीला गेल्या. भानुदासरावांनी फ्लॅट सोडला आणि त्याच मजल्यावर दोन केरळी अकाउंटंटांबरोबर एक खोली घेतली. शुक्रवारचं जेवण आमच्याकडे आणि जेवणाआधीचा सांगलीचा फोनही आमच्याकडूनच, कारण त्यांच्या खोलीतल्या फोनला परदेशी लाइन नव्हती. ते येताना कॉलिंग कार्ड आणायचे. "वीस दिरहमचं कार्ड, म्हणजे सव्वादोनशे रुपये," असं दर शुक्रवारी मोठ्यानं म्हणायचे आणि मग खरवडायचे.

फरहान भारतात दिसत नव्हता. सांगलीच्या केबलवर तर नव्हताच, मुंबईतही नव्हता. इरानं मावशीकडून चौकशी करवली होती. म्हणून ठरलं की बाबा गुरुवारी भाग बघतील आणि शुक्रवारी फोनवर सांगतील. या कामासाठी त्यांनी चक्क टिपणं काढायला सुरुवात केली. "भाग एकेचाळीस. वेळ चार पस्तीस. वाडगे निघाले बारा, पोचले तीन, पैकी एक रिकामा." फोनवर ते हे वाचून दाखवायचे आणि पलीकडून इराचं हसणं आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. विद्युल्लता मिक्सर बंद करून उभी राहायची. मलाही सवय लागली, खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबरात बावन्नावा भाग आला. फरहान टेकडी चढला. कुत्रा आडवा आला नाही, चाक निखळलं नाही. त्यानं दार वाजवलं. दार उघडलं, आतून उजेड आला, फरहानचं तोंड उघडं पडलं, आणि भाग संपला. भानुदासरावांनी हे सांगितलं तेव्हा इरा फोनवर किंचाळली. पुढच्या गुरुवारी आम्ही तिघंही टीव्हीसमोर बसलो. चॅनेलवाल्यांनी पहिला भाग लावला.

"पहिल्यापासून?" भानुदासराव म्हणाले. "अरे, डिलिव्हरी कम्प्लीट कुठं झालीय?"

त्या शुक्रवारी त्यांनी इराला खरं ते सांगितलं. ती "ओ" म्हणाली. मग तिनं सांगितलं की ती बरी आहे, अभ्यास झाला, जेवण झालं, आणि आईला फोन दिला. सगळं मिळून चाळीस सेकंद. पुढच्या शुक्रवारीही तेवढंच. भानुदासराव आमच्या सोफ्यावर रिसीव्हर धरून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. वर्षाचे अकरा महिने मुलगी त्यांना फोनवरच भेटायची, आणि फोनवर तिला बापाशी बोलायला काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी फोन लागला, इरा म्हणाली, "मी बरी आहे, अभ्यास झाला," आणि भानुदासराव म्हणाले, "थांब. काल त्रेपन्नावा लागला."

विद्युल्लतेनं माझ्याकडे बघितलं. काल नवं काहीच लागलं नव्हतं. काल तिसरा भाग लागला होता, ज्यात फरहान विहिरीत पडतो.

"दार कोणी उघडलं?" इराचा आवाज आम्हाला इथपर्यंत आला.

भानुदासरावांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर मदत होईल असं काही नव्हतं, आमचं कॅलेंडर तेवढं होतं. "मुलगी," ते म्हणाले. "लहान मुलगी. तुझ्याएवढी. रोज तीच ऑर्डर देत होती."

"मग? शेवया थंड झाल्या होत्या?"

"एकदम थंड. पण ती रागावली नाही. बसून सगळ्या खाल्ल्या. आणि म्हणाली, उद्या परत ये."

"तिचं नाव काय?"

"नूरा," भानुदासराव म्हणाले. नूरा हे त्यांच्या हातातल्या कॉलिंग कार्डाच्या दुकानाचं नाव होतं. त्या दिवशी इरा अठरा मिनिटं बोलली.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. "एवढे भाग कुठून बघतोस?" असं इरानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "श्रीनाथकाका रेकॉर्ड करून ठेवतो." म्हणजे मीही त्यात सामील झालो, न विचारता. भानुदासरावांना कल्पनाशक्ती वगैरे काही नव्हती. जे समोर दिसेल ते ते फरहानच्या गावात नेऊन टाकायचे. लवकरच फरहानला टेकडीवर जायला गेट पास लागायला लागला. मग गावात एक फोर्कलिफ्ट आली. मग म्हातारीनं एक मॅनेजर ठेवला. तो दर वाक्याला "यल्ला यल्ला", म्हणजे चला चला, म्हणायचा आणि दुपारी दोन ते चार सापडायचा नाही. हा आमचा मॅनेजर, नखशिखांत. एका भागात एक गोडबोल्या सेल्समन आला. त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही, पण तो कागदावर पांढरे ठिपके लावायचा, त्यामुळे मला काय ते कळलं.

नूराला मात्र ते कुठून आणत होते हे सांगायला नको. तिला दोन वेण्या होत्या. तिला भेंडी आवडायची नाही. तिला नव्या शाळेत कुणी मैत्रीण नव्हती, मग एक मिळाली. जे इरा या शुक्रवारी सांगे, ते पुढच्या शुक्रवारी नूराला होई. इरा विचारायची, "मग नूरानं काय केलं?" आणि बाप फरहानमार्फत सल्ला द्यायचा. मुलगी दहाची झाली, अकराची झाली, बाराची झाली. सांगलीत राहून तिचं इंग्रजी कमी झालं आणि "काय की" वाढलं. तरी असा एक शुक्रवार गेला नाही की तिनं पुढचा भाग विचारला नाही. वर्षातून एकदा ते महिनाभर रजेवर जात तेव्हा समोरासमोर बसून सांगत. शोभनावहिनींना संशय होता, पण त्या बँकेतल्या बाई. समोरच्यानं विचारल्याशिवाय त्या शिल्लक सांगत नसत.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात निशिओका नावाचे एक जपानी इंजिनिअर आमच्याकडे पंप तपासायला आले. कागदांवर सही घ्यायला भानुदासरावांनी त्यांना आपल्या टेबलाशी बसवलं. टेबलाच्या काचेखाली इरानं काढलेलं चित्र होतं: सायकल, फरहान, बारा वाडगे. निशिओकांनी पेन खाली ठेवलं, चित्राकडे बघितलं आणि भर ऑफिसात एक गाणं म्हणायला लागले. कार्टूनच्या सुरुवातीला लागायचं तेच गाणं, पण जपानीत.

"तोकुजी!" ते म्हणाले. "This is Tokuji! How you have Tokuji?"

"No, no, this is Farhan," भानुदासराव म्हणाले. "Arab cartoon."

"Japanese," निशिओका म्हणाले.

"Arab," भानुदासराव म्हणाले. माल कुठल्या देशात बनला याचे दाखले काढण्यात ज्यांची वीस वर्षं गेली, ते एका जपान्याशी पाच मिनिटं या विषयावर वाद घालत होते. शेवटी मी मध्ये पडून म्हणालो, "भानुदासराव, ते लोक शेवया काड्यांनी खातात हो." तेव्हा ते गप्प झाले. चार वर्षं त्यांनी फरहानला काड्यांनी खाताना पाहिलं होतं.

निशिओकांनी मग सगळी कुंडली मांडली. तोकुजी त्यांच्या लहानपणचा. शहात्तर साली सुरू झाला, दीड वर्ष चालला, एकूण अठ्ठ्याहत्तर भाग. रविवारी संध्याकाळी सगळं घर जेवायला बसलेलं असताना लागायचा, आणि पोरं सायकलवर वाडगे रचायला जाऊन गुडघे फोडून घ्यायची. पुढे तो देशोदेशी विकला गेला. इटलीत गेला, स्पेनमध्ये गेला, फिलिपिन्समध्ये गेला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नवं नाव ठेवलं. नावं बदलली, पाट्या पुसल्या, त्यामुळे ज्याला त्याला तो आपल्याच गावचा वाटला. अरबीत करणाऱ्यांनी सव्वीस-सव्वीस भागांच्या दोन लॉटमध्ये घेतला. तिसरा लॉट कुणी उचललाच नाही.

"म्हणजे पार्ट शिपमेंट!" भानुदासराव म्हणाले. एवढ्या वर्षांनी त्यांना बावन्नाचं कोडं उलगडलं होतं. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्रेपन्नावा खरोखर आहे?"

आहे, निशिओका म्हणाले. पण दार कोण उघडतं ते त्यांना आठवत नव्हतं. जपानला जाऊन कॅसेट्स पाठवतो म्हणाले, आणि कामाच्या रगाड्यात विसरले. भानुदासरावांनीही आठवण केली नाही. मी टोकलं तर म्हणाले, "कशाला? गुड्स ऑलरेडी डिलिव्हर्ड."

हा शहाणपणा त्यांना दोन हजार दोनच्या मे महिन्यात भोवला. शुक्रवारी फोन लागताच इरा ओरडली, "बाबा! फरहान येणार! इथं केबलवर, हिंदीत! त्याचं नाव चंदू ठेवलंय, पण तोच आहे, मी अ‍ॅड बघितली! तीन जूनपासून, रोज! आता मला नूरा दिसणार!"

भानुदासराव "अरे वा" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी विद्युल्लतेकडे पाणी मागितलं आणि मग माझ्याकडे कॅलेंडर. सोमवार ते शुक्रवार, रोज एक भाग. त्यांनी बोट ठेवून मोजलं. बावन्नावा तेरा ऑगस्टला मंगळवारी, त्रेपन्नावा चौदाला बुधवारी. चौदा ऑगस्टला दार उघडणार होतं आणि आत नूरा नसणार होती.

जूनभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मी सेल्समन माणूस, मी उपाय सुचवला. "सोपं आहे. तिला सांगा, हिंदीवाल्यांनी स्टोरी बदलली. नावं बदलतात तशी स्टोरी पण. कोण चेक करायला जातंय?"

ते एक दिवस विचार करत राहिले. मोह झाला होता, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाले, "नाही जमायचं. तेरा वर्षांची झालीय ती. आज ना उद्या तिला ओरिजिनल मिळेल. आणि मग तिला वाटेल की बाबा जे जे बोलला ते सगळंच तसलं. भेंडीबद्दल बोलला ते, मैत्रिणीबद्दल बोलला ते. सगळंच."

त्यांनी निशिओकांना फॅक्स केला. जुलैत पाच कॅसेट्सचं पार्सल आलं, सोबत माफीचं पत्र. गल्फमधल्या प्रत्येक भारतीयासारखा माझ्याकडे कुठल्याही देशाची कॅसेट चालणारा व्हीसीआर होता. गावी न्यायचा म्हणून घेतलेला आणि कधीच न नेलेला. गुरुवारी दुपारी आम्ही तिघं बसलो. भाषा कळत नव्हती, पण पडणाऱ्या माणसाला भाषा लागत नाही.

दार उघडलं. आत म्हातारी, कालथ्यासकट. घर तिचंच. पहिल्या दिवसापासून सगळ्या ऑर्डरी तिनंच दिलेल्या, कारण तोकुजी दुकानात असला की आतले वाडगे फुटत. त्याला दिवसभर बाहेर ठेवायला तिनं टेकडी शोधून काढली होती. मग ती टेकडीवर दुकानाची शाखा काढते आणि तोकुजी आता उतारावरून माल न्यायला लागतो, म्हणजे विचारायलाच नको. अगदी शेवटच्या भागात त्याच्याकडून एक वाडगा अखंड पोचतो. चुकीच्या घरी.

आम्ही पोट धरून हसलो. भानुदासरावही हसले, डोळे पुसत हसले. मग विद्युल्लता म्हणाली, "पण भाऊजी, नूरा?" आणि खोलीतलं हसणं संपलं.

पुढचे तीन शुक्रवार ते आमच्या टेबलावर ऑफिसातले रेघांचे कागद घेऊन बसले. त्यांनी दुरुस्तीपत्रक तयार केलं. माल निघाल्यावर कागदात चूक सापडली की जे करतात, तेच. तीन रकाने: भाग क्रमांक, बाबाने सांगितलेले, प्रत्यक्षात असलेले. साडेतीन वर्षांतल्या मुख्य मुख्य चुका, एकूण एक्केचाळीस ओळी. पहिली ओळ अशी होती: "भाग ५३. दार लहान मुलीने उघडले. / दार दुकानाच्या मालकिणीने उघडले." नववी: "फोर्कलिफ्ट आली. / फोर्कलिफ्ट नाही." सतरावी लिहिताना ते बराच वेळ थांबले. "नूराला शाळेत मैत्रीण मिळाली. / नूरा ही व्यक्ती मालिकेत नाही." प्रत्येक ओळीशेजारी सही. खाली लिहिलं: "वरील चुका माझ्या आहेत. श्रीनाथकाकाने काहीही रेकॉर्ड केलेले नाही. तू फोनवर थांबावंस म्हणून मी हे केलं. तुझा बाबा." हे शेवटचं वाक्य त्यांनी एकदाच लिहिलं, त्यात खाडाखोड नव्हती.

पाकीट पोचलं. नऊ ऑगस्टला इरा म्हणाली, "पत्र आलंय. पण बुधवारी एपिसोड बघून मगच उघडणार. स्पॉइल नको." सोळा ऑगस्टला शुक्रवारी फोन शोभनावहिनींनी घेतला. इरा क्लासला गेली होती. तेवीसला ती मैत्रिणीकडे गेली होती. "काही बोलली का?" भानुदासरावांनी विचारलं. "नाही हो, काही बोलत नाहीये," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, कार्डावर पैसे उरलेले असताना. जेवायलाही थांबले नाहीत. चार वर्षांत प्रथमच विद्युल्लतेचा भात उरला.

सत्तावीस ऑगस्टला, मंगळवारी, पत्र आलं. तिथं टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं. त्यामुळे ऑफिसच्या गठ्ठ्यातून, दोन शिपिंग कंपन्यांच्या बिलांमधून ते निघालं. भानुदासरावांनी स्केलनं पाकीट कापलं आणि उभ्याउभ्या बघितलं. मी माझ्या टेबलावरून उठून त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. मला राहवेना, मीही आरोपीच होतो.

त्यांचंच दुरुस्तीपत्रक परत आलं होतं. तिसऱ्या रकान्यावर, "प्रत्यक्षात असलेले" या रकान्यावर, ओळीओळीतून पट्टी धरून रेघ मारली होती. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. म्हातारी खोडली होती. "फोर्कलिफ्ट नाही" खोडलं होतं. "नूरा ही व्यक्ती मालिकेत नाही" हेही खोडलं होतं. रेघांच्या शेजारी छोटी गोल सही, इ. भा. आष्टेकर. खाली निळ्या पेनानं एवढंच: "चंदू फनी आहे. पण नूरा राहणार."

भानुदासरावांनी कागद पहिल्या ओळीपासून एक्केचाळिसाव्यापर्यंत बोट फिरवत तपासला. मग परत वर गेले आणि त्यांचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं. ते रडत होते, ऑफिसात, सगळ्यांसमोर, आणि ते लपवतही नव्हते.

"सतरा नंबरला सही राहिलीय तिची," ते म्हणाले. "सांगायला पाहिजे."

"शुक्रवारी सांगा की," मी म्हणालो.

"तुझा मोबाइल दे."

मोबाइलवरून भारत म्हणजे मिनिटाला केवढे पडतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी त्याचे रुपये केले नाहीत. नंबर पाठ होता. फोन लागला, आणि शाळेतून आलेली इरा पहिल्या रिंगला "हॅलो" म्हणाली.